परसांतला मनोरा

मनुष्याला आपलें नांव फार प्रिय असतें असें म्हणतात. पण तें बदलण्याची हौसहि त्याला कांहीं कमी नसते. आमच्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलतात, संन्यास घेणाराचें बदलतात, आणि एखाद्या घरांत मुलें जगत नसलीं तर यमाला चकविण्यासाठीं नव्या बाळाचें नांव दगडू किंवा धोंडू ठेवतात. तथापि एकाच खुर्चींत स्वस्थ बसून, कोणताहि संस्कार न करवून घेतां, तीन वेळां गोत्र बदलण्याचें भाग्य आमच्या पूर्वजांपैकीं कोणास लाभल्याचें ऐकिवांत नाहीं. तें आम्हांस लाभलें आहे. २००१ सालीं आम्हीं मुंबईंत पहिला मोबाइल घेतला, तेव्हां आम्ही ऑरेंज होतों. २००५ सालीं एके दिवशीं पाहतों तों आम्ही हच झालेलों. २००७ च्या सप्टेंबरांत आम्ही व्होडाफोन झालों आणि २०२० च्या सप्टेंबरांत व्ही. नारिंगी रंग जाऊन गुलाबी आला, गुलाबी जाऊन तांबडा आला. नंबर मात्र पहिल्या दिवशीं मिळाला तोच राहिला. खुर्चीहि तीच, आणि डोक्यावरचे केस वगळले तर आम्हीहि तेच. शुद्ध मराठींत ह्या यंत्रास भ्रमणध्वनि म्हणावें असें जाणते सांगतात. पण आमच्या काकूपासून आमच्या संपादकांपर्यंत सर्वजण त्याला मोबाइलच म्हणतात, म्हणून आम्हीहि येथें तसेंच म्हणूं.

ही हकीकत आम्ही मित्रमंडळींत विनोद म्हणून पुष्कळ वेळां सांगितली आहे. परंतु गेल्या महिन्यांत गांवाहून आमच्या धाकट्या चुलत भावाचें एक जाड पाकीट आलें, आणि तेव्हांपासून तींतला विनोद आम्हांस पूर्वीइतका रुचेनासा झाला आहे. पाकिटांत सहीसाठीं एक कागद होता आणि बरोबर चार ओळींची चिठ्ठी. परसांतला मोबाइलचा मनोरा उतरविण्यास कंपनीचीं माणसें येणार आहेत. सातबाऱ्यावर पहिलें नांव आमचें आहे, म्हणून आमची सही हवी. एवढाच मजकूर. त्या मनोऱ्याची कथा सांगण्यापूर्वीं, असले मनोरे आमच्या परसांपर्यंत आले कसे, हें थोडें सांगणें प्राप्त आहे.

व्होडाफोन ही मूळची इंग्लंडांतली कंपनी. न्यूबरी नांवाच्या एका लहानशा गांवीं तिचें बिऱ्हाड. आणि तिच्या जाळ्यावरचा पहिला फोन झाला तो १ जानेवारी १९८५ रोजीं. आवाज, माहिती आणि फोन ह्या तिन्हींच्या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून तिचें नांव बनविलेलें आहे. आपल्या देशांत मोबाइलवरचें पहिलें संभाषण झालें तें त्यानंतर दहा वर्षांनीं. ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू हे कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीस दळणवळणमंत्री सुखराम ह्यांच्याशीं बोलले. त्या सुमारास मिनिटाला सोळा रुपयांच्या घरांत दर पडे, आणि नवल असें कीं, फोन करणारानें पैसे द्यावयाचेच, पण ज्याला फोन येई त्यालाहि भुर्दंड बसे. दुसऱ्यानें दार ठोठावलें म्हणून घरमालकानें दंड भरावा, अशांतला तो प्रकार होता. १९९९ च्या दूरसंचार धोरणानें कंपन्यांकडून परवान्याचें ठराविक शुल्क घेण्याऐवजीं उत्पन्नाचा वाटा घेण्याची रीत पाडली. २००३ सालीं येणारा फोन फुकट झाला. आणि तेथून पुढें मोबाइल ही सावकाराच्या कमरेची वस्तु न राहतां भाजीवाल्याच्या पाटींतली वस्तु झाली.

बड्या कंपन्या आपला देश सोडून इतक्या दूर कां येतात, ह्याचें कारण फारसें गूढ नाहीं. त्यांच्या देशांत प्रत्येकाच्या खिशांत एक यंत्र पडलें कीं तेथें विकावयाचें काय? इकडे मात्र तार ओढलेला टेलिफोन मिळविणें म्हणजे तपश्चर्या होती. आम्हीं अर्ज केला तेव्हां आमचा मुलगा पाळण्यांत होता. यंत्र घरीं आलें तेव्हां पहिला नंबर त्यानेंच फिरविला. रांगेंत इतकीं वर्षें उभीं राहणारीं माणसें म्हणजे व्यापाऱ्याच्या दृष्टीनें सोन्याची खाण होय. पण ही खाण ओळखण्यासहि दृष्टि लागते. सुदानांत जन्मलेले मो इब्राहिम ह्यांनीं १९९८ सालीं आफ्रिकेसाठीं मोबाइलची कंपनी काढली, ती पुढें सेलटेल ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. त्या वेळीं युरोपांतल्या बड्या धेंडांस आफ्रिकेंत जाण्याचें धाडस होत नव्हतें. गरिबाला कसला आला आहे टेलिफोन, असा त्यांचा हिशेब. सातच वर्षांनीं, २००५ सालीं, ती कंपनी ३४० कोटि डॉलरांस विकली गेली. गरिबाला टेलिफोन श्रीमंतापेक्षां अधिक हवा असतो, कारण श्रीमंताजवळ निरोप नेण्यास माणूस असतो, हें त्या हिशेबनिसांच्या ध्यानांत आलें नव्हतें.

गरिबाशीं व्यापार करावयाचा तर रीतहि निराळी लागते. श्रीमंत गिऱ्हाईक महिनाभर बोलतें आणि मग बिल भरतें. गरिबाकडून पैसे आधीं घ्यावयाचे आणि बोलणें मागून द्यावयाचें, ही युक्ति निघाली. त्यासाठीं पानपट्टीवर दहा रुपयांचीं खरवडावयाचीं कार्डें आलीं. शांपूची एक रुपयाची पुडी जशी खेड्यांत पोंचली, तसें बोलणेंहि पुडींत बांधून पोंचलें. ह्यांत उधारी नाहीं, वसुली नाहीं, बुडीत नाहीं. नोकिया कंपनीनें २००३ सालीं ११०० नंबरचें यंत्र काढलें, त्यांत धूळ शिरूं नये अशीं बटणें होतीं आणि डोक्यावर एक बारीक विजेरी होती. जगांत २५ कोटींहून अधिक लोकांनीं तें घेतलें. आमच्या भावानें आपलें तसलें जुनें यंत्र काकूला दिलें, तेव्हां तिनें पहिल्या दिवशीं विजेरी लावून परसांतून गोठ्यापर्यंत फेरी मारली आणि म्हणाली, "बोलण्याचें पुढें पाहूं. पण आतां पायाखालचें जनावर तरी दिसेल." हें यंत्र ज्यांनीं घडविलें त्यांना काकूचा गोठा ठाऊक नव्हता, पण अशा लाखों गोठ्यांची वाट त्यांनीं अजमाविली होती, हें कबूल केलें पाहिजे.

आतां आमच्या गोत्रांतराकडे वळूं. हचमध्यें हाँगकाँगच्या हचिसन कंपनीचा जो सुमारें ६७ टक्के वांटा होता, तो व्होडाफोननें २००७ सालीं सुमारें ११०० कोटि डॉलरांस घेतला. हा व्यवहार मोठा मौजेचा होता. विकणारी कंपनी हाँगकाँगची. घेणारी नेदरलंड्समध्यें नोंदलेली. आणि विकली गेलेली वस्तु म्हणजे केमन बेटांवरच्या एका कंपनीचा एकुलता एक शेअर. गिरगांवांत, अहमदाबादेंत, कलकत्त्यांत जीं लाखों माणसें त्या वेळीं फोनवर "काय, जेवण झालें का?" असें विचारीत होतीं, तीं सर्व त्या एका शेअराच्या पोटांत होतीं, पण कागदोपत्रीं हिंदुस्थानांतली एक टांचणीहि इकडची तिकडे झाली नव्हती. आमच्या प्राप्तिकर खात्यानें ११,००० कोटि रुपयांच्या घरांत कर मागितला. २०१० सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें सरकारची बाजू धरली. जानेवारी २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कंपनीची धरली. त्याच वर्षीं संसदेनें १९६२ पासून लागू होईल असा बदल कायद्यांत केला. सप्टेंबर २०२० मध्यें हेग येथील लवादानें पुनः कंपनीच्या बाजूनें निवाडा दिला. आणि २०२१ सालीं संसदेनें तो मागें पोंचणारा कायदाच रद्द केला. चौदा वर्षें चाललेल्या ह्या वादाचा गाभा एकच होता: विकलें गेलें तें काय, आणि कोठें? विद्वान् वकिलांनीं त्यावर हजारों पानें खर्चीं घातलीं. आमच्या अल्प मतीस वाटतें कीं, विकलें गेलें तें आमचें एकमेकांशीं बोलणें. पण त्याबद्दल कोणीं आम्हांस विचारलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीं तक्रारहि केली नाहीं. कारण दुसऱ्या दिवशीं फोन लागला होता.

हा अनुभव एकट्या आमचाच असता तर आम्हीं तो लिहिला नसता. आमचा एक भाचा कित्येक वर्षें नैरोबीस नोकरीला आहे. तो सुट्टींत आला असतां आम्हीं आमच्या नांवांची मालिका त्याला ऐकविली, तर तो हंसून म्हणाला, "मामा, आमच्या भाजीवालीचा नंबर ऐका. तो आधीं केनसेल होता, २००४ त सेलटेल झाला, २००८ त झेन आणि २०१० त एअरटेल." म्हणजे मो इब्राहिमांची ती कंपनी कुवेतच्या धन्याकडे गेली, आणि २०१० सालीं आपल्या दिल्लीच्या भारती एअरटेलनें तिचे आफ्रिकेंतले पंधरा देशांतले व्यवहार सुमारें १०७० कोटि डॉलरांस विकत घेतले. तेव्हां परके आले आणि त्यांनीं आम्हांस विकलें, असा गळा काढण्याची सोयहि उरली नाहीं. इकडे आम्ही जें आहों, तेंच तिकडे ती भाजीवाली आहे. आणि तिकडचा नवा धनी आमच्याच देशाचा आहे.

भाच्यानेंच आम्हांस एम-पेसाची गोष्ट प्रथम सांगितली. केनियांत व्होडाफोनच्या भागीदारींतली सफारीकॉम ही कंपनी आहे. २००५ सालीं थिका शहराकडे एक लहानसा प्रयोग झाला. लोकांनीं लहान कर्जांचे हप्ते मोबाइलवरून फेडावे, हा त्याचा हेतु. पण लोकांनीं हप्ते फेडण्यापेक्षां एकमेकांस पैसे पाठविण्यासच तो अधिक वापरला. हें पाहून २००७ च्या मार्चांत कंपनीनें त्याच स्वरूपांत ती सोय सर्वांस खुली केली. नैरोबींत कोपऱ्यावरच्या दुकानांत रोकड द्यावी. दुकानदार ती मोबाइलवर चढवितो. तिकडे खेड्यांत म्हातारीला संदेश जातो. आणि ती आपल्या गांवच्या दुकानांतून नोटा मोजून घेते. त्यापूर्वीं हेच पैसे बसच्या ड्रायव्हरच्या हातीं देऊन देवाचें नांव घेत बसावें लागे. हें ऐकून आम्हांस आमच्या कोंकणची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. गिरण्यांच्या दिवसांत आमचा सारा मुलूख मनिऑर्डरीवर जगे. पोस्टमन दिसला कीं घरोघर चूल हंसे. दोन समुद्रकिनारे, आणि दोन्हींकडे शहराकडे डोळे लावून बसलेली एक म्हातारी.

आणि त्यांतलें 'पेसा' म्हणजे काय, तर आपला पैसा! गलबतांतून पूर्व आफ्रिकेस गेलेल्या आपल्या व्यापाऱ्यांबरोबर तो शब्द तिकडे गेला आणि स्वाहिली भाषेंत कायमचा राहिला. १९२० सालापर्यंत तिकडे चलनहि रुपयाचेंच होतें. २०१३ सालीं व्होडाफोननें एम-पेसा हिंदुस्थानांत आणला. आमचाच शब्द, परदेशीं शिकून, मोठा होऊन, इंग्रजी उपपद लावून घरीं परत आला. पण घरीं त्याचा जम बसला नाहीं. येथें बँकांचे नियम निराळे, आणि २०१६ पासून यूपीआयनें बँकेंतला पैसा थेट बँकेंत जाऊं लागला. २०१९ सालीं तो बंद झाला. परदेशांतून पदवी घेऊन आलेल्या कित्येक सुपुत्रांची हीच गत आम्हीं पाहिली आहे.

परंतु ह्या सर्व व्यापाराचा विचार करतांना आम्हांस सर्वांत कौतुक वाटतें तें कोणत्या कंपनीच्या कल्पकतेचें नव्हे, तर मिस्ड कॉलचें. कंपनीनें आपलें सर्व गणित मिनिटांवर बसविलें होतें: तुम्ही बोला, आम्ही मोजतों. गरिबानें ह्यांतली फट शोधून काढली. न उचललेल्या घंटेला पैसे पडत नाहींत! मग काय, घंटेचीच भाषा झाली. केनियांतहि हेंच, तेथें त्याला 'फ्लॅश' म्हणतात असें भाचा सांगतो. आमच्या काकूचा संकेत असा होता कीं, दिवेलागणीला एक घंटा म्हणजे सर्व ठीक. लागोपाठ दोन म्हणजे तूं फोन कर. आणि तीन म्हणजे निघून ये. बारा वर्षांत तीन घंटा एकदांच आल्या, काका गेले त्या रात्रीं. अब्जावधि डॉलर ओतून उभारलेल्या त्या प्रचंड यंत्रणेंतून आमच्या काकूनें एक दमडी न खर्चतां रोज संध्याकाळीं आपली खुशाली पाठविली. २०१६ सालीं जिओ कंपनी आली, बोलणें जवळ जवळ फुकट झालें, आणि घंटेची ती भाषा हळूहळू मेली. आतां काकू फोनवर पुष्कळ बोलते. पण त्या एका घंटेंत जें असे, तें अर्ध्या तासाच्या बोलण्यांत नेहमींच असतें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आतां मनोऱ्याकडे. २००८ सालीं एका कंपनीचा माणूस गांवीं आला. ती कंपनी कोणती, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वर आलेल्या नांवांपैकीं ती नव्हे, एवढें वाचकांनीं समजावें. आमच्या घराचें परस टेकाडावर असल्यामुळें त्याला पसंत पडलें. महिना पांच हजार भाडें आणि वीस वर्षांचा करार, असें बोलणें झालें. अडचण एकच होती: ठरलेल्या जागीं आमच्या आजोबांनीं लावलेला कापा फणस उभा होता. भावाचा फोन आला तेव्हां आम्ही मुंबईंत बसून त्या फणसासाठीं फार हळहळलों. आजोबांचा हात, लहानपणचे गरे, पूर्वजांची खूण इत्यादि पुष्कळ बोललों. भावानें सर्व ऐकून घेतलें आणि मग म्हणाला, "दादा, तुमचें खरें आहे. पण फणस वर्षाला एकदां येतो, आणि भाडें दर महिन्याला येईल. पोरीला पुढें शिकवायचें आहे." ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. फणस ज्याच्या अंगणांत असतो तो फांद्या छाटतो, पानें झाडतो. आणि ज्याला फक्त गरे आठवतात तो शहरांत बसून हळहळतो.

करारनामा आला तो इंग्रजींत होता, बावीस पानांचा. भावानें तो पाठवितांना लिहिलें होतें: "मला इंग्रजी समजत नाहीं. तुम्ही वाचून सही करा. तुम्हीं केलीत कीं मी करतों." त्या आठवड्यांत आम्ही एका सहाशें पानी चरित्राचें परीक्षण लिहीत होतों. तें चरित्र आम्हीं अथपासून इतीपर्यंत वाचलें, त्यांतल्या अकरा मुद्रणदोषांची यादी केली आणि ग्रंथकारास एका सनावळीच्या चुकीबद्दल चार शब्द सुनावले. करारनाम्याचें पहिलें पान वाचलें, शेवटचें वाचलें, भाड्याचा आंकडा बरोबर आहे असें पाहिलें, आणि प्रत्येक पानावर वळणदार सही केली.

मनोरा उभा राहिला. फणस गेला. डीझेलच्या यंत्राची घरघर सुरू झाली. वीज गेली कीं तें यंत्र रात्रभर खोकल्यासारखें चाले. पण भाडें येत गेलें. त्या पैशांतून पडवीचीं कौलें बदललीं, विहिरीवर पंप बसला, आणि २०१८ सालीं पुतणी परिचारिकेचें शिक्षण घेण्यास कोल्हापुरास गेली. २०२० च्या टाळेबंदींत गांवचीं पंधरा-वीस मुलें त्या मनोऱ्याखालीं पाट मांडून, मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यांत शाळा शिकलीं. कारण जाळें पुरतें लागे तें तेथेंच. काकू त्यांना ताक देई. ज्या फणसासाठीं आम्ही हळहळलों, त्याच्या सावलींत इतकीं मुलें कधीं बसलीं नव्हतीं, हें आम्ही प्रामाणिकपणें नमूद करतों.

मध्यंतरीं वर व्यापाराच्या आकाशांत मोठीं वादळें होऊन गेलीं होतीं. दर कोसळले. डझनभर कंपन्यांतून मोठ्या म्हणाव्या अशा तीनच खासगी कंपन्या उरल्या. २०१८ च्या ऑगस्टांत व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. दोन घरें एक झालीं कीं एक चूल विझते, त्या न्यायानें कित्येक गांवीं एका मनोऱ्याचें काम संपलें. २०२१ सालीं आमच्या भावास नोटीस आली: एक महिन्यानंतर भाडें बंद. भावानें फोन करून विचारलें, "दादा, करार वीस वर्षांचा होता ना? अजून सात वर्षें आहेत." आम्हीं कपाटांतून आपली प्रत काढली आणि तेरा वर्षांनीं ती प्रथमच वाचली. चौदाव्या पानावर स्वच्छ लिहिलें होतें. जमीनमालक वीस वर्षें बांधलेला. कंपनीस मात्र पहिल्या तीन वर्षांनंतर, एक महिन्याची सूचना देऊन, केव्हांहि जाण्याची मोकळीक. खालीं आमची वळणदार सही.

पुतणीचें शेवटचें वर्ष राहिलें होतें. आम्हीं पैसे देऊं केले. भावानें घेतले नाहींत. रागानें नव्हे, "लागले तर सांगेन," म्हणाला, आणि सांगितलें नाहीं. त्यानें टेकाडाखालचीं हापुसाचीं सात कलमें तीन वर्षांसाठीं व्यापाऱ्यास आगाऊ देऊन टाकलीं. कराराचें एक कलम आम्हीं वाचलें नाहीं, म्हणून आंब्याचीं सात कलमें गेलीं. एरवीं असल्या कोटीवर आम्ही खुष झालों असतों. भावानें आम्हांस कधींहि विचारलें नाहीं कीं, "दादा, तुम्हीं वाचलें होतें ना?" विचारलें असतें तर बरें झालें असतें.

तेव्हांपासून मोठमोठ्या कंपन्यांच्या बातम्या आम्ही निराळ्या नजरेनें वाचतों. व्होडाफोननें २०२३ सालीं घानांतला व्यवहार विकला, पुढें स्पेनमधला आणि इटलींतलाहि विकला. ज्या हचिसनकडून तिनें आम्हांस घेतलें, त्याच हचिसनच्या कंपनीशीं २०२५ सालीं इंग्लंडांत तिचा विवाह झाला. इकडे देणीं फिटेनात म्हणून सरकारनें त्यांचे शेअर करून घेतले, आणि २०२५ सालीं व्ही कंपनींत सरकारचा वांटा सुमारें ४९ टक्के झाला. सरकारी टेलिफोनच्या रांगेस कंटाळून आम्ही ज्यांच्या दारीं गेलों, त्यांच्या घरांत अखेर सरकारच अर्धलीचें धनी होऊन बसलें! ह्यांत कोणी दुष्ट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मनोरा आला नसता तर तीं मुलें कोठें बसलीं असतीं, आणि पुतणी कोल्हापुरास गेली असती काय? पण येणाऱ्याचा करार आणि राहणाऱ्याचा करार हे एकाच कागदावर असले तरी एक नसतात. येणारा एक महिन्याच्या सूचनेवर येतो. राहणारा सातबाऱ्यावर असतो. म्हणून कागद वाचण्याची जबाबदारी राहणाऱ्यावर अधिक. आणि राहणाऱ्यांपैकीं ज्याला ती लिपि येते, त्याच्यावर सर्वांत अधिक. ती जबाबदारी आमची होती.

असो. ह्या वेळचा कागद नऊ पानांचा आहे. आम्हीं तो दोन रात्रीं बसून वाचला. तिसऱ्या पानावर असें आहे कीं, लोखंड कंपनी नेईल, परंतु खालचें सिमेंटचें जोतें जमिनींत तसेंच राहील, आणि त्याबद्दल मालकाची कांहीं मागणी राहणार नाहीं. आम्हीं त्या ओळीवर रेघ मारली आणि समासांत लिहिलें कीं, जोतें उखडून खड्डा मातीनें भरून द्यावा. नंतर भावाला फोन लावला आणि सर्व नऊ पानें, कलमामागून कलम, मराठींत सांगितलीं. तब्बल सत्तर मिनिटें लागलीं. १९९५ सालच्या दरानें त्याला हजारावर रुपये पडले असते; आतां कांहींच पडले नाहींत. भाऊ मधून मधून हूं म्हणत होता. शेवटीं आम्हीं विचारलें, "आतां तूं सांग. काय करूं?"

तो थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "दादा, त्या जोत्यावर आई यंदा कोकमें वाळत घालते आहे. ऊन चांगलें लागतें तिथें. जोतें राहिलें तरी चालेल." आणि फोन ठेवतां ठेवतां म्हणाला, "पण वाचलेंत, हें बरें केलेंत."

सही आम्हीं अद्याप केलेली नाहीं.